टिपाडाच्या काठाला चिकटलेली अंडी

पाणचक्कीला पाहुणे नेले की सगळे जातं बघतात. पाण्याच्या जोरावर ते फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघायचं. पण पंपाशिवाय, विजेशिवाय ते पाणी तिथं आलं कसं?

त्यासाठी मलिक अंबरकडे जावं लागतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आपलं शहर. त्याच्या लढाया सांगितल्या जातात. मला त्याची नहर मोठी वाटते. उत्तरेच्या डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालून, झाकलेल्या वाटेनं त्यानं गावात आणलं. पुढं पाणचक्कीचं पाणीही डोंगरातूनच, खापरी नळांतून आलं.

यातली युक्ती आपल्या वस्तीतल्या गवंड्याला ठाऊक आहे. लेव्हल बघायला तो पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो. मधली नळी कितीही लोंबली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं. बंद नळातलं पाणी खाली उतरून पुन्हा जवळपास मूळ उंचीपर्यंत चढतं. वाटेत विटांचे उंच बुरूज दिसतात ना, तिथं पाणी वर चढायचं, कोंडलेली हवा निघून जायची, गाळ खाली बसायचा.

आज आपलं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. धरण खाली, शहर वर. त्यामुळं सगळं पंपावर. वीज गेली, पाइप फुटला की पाळी पुढं ढकलली. नळ आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा येतो, म्हणून घरोघरी टिपाडं, हौद, रांजण भरलेले.

डेंग्यूच्या डासाला हेच हवं असतं. त्याला गटार लागत नाही, घरातलं साठवलेलं पाणी लागतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवून. टिपाड रिकामं केलं तरी ती तिथंच राहतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. तो चावतोही दिवसा, म्हणून रात्रीची मच्छरदाणी इथं पुरत नाही. नुसतं ओतून उपयोग नाही. नळ येण्याआधी आतली भिंत, विशेषतः ती रेघ, काथ्यानं नाहीतर ब्रशनं खसाखसा घासा आणि ते पाणी बाहेर कोरड्या मातीवर फेका. भरल्यावर तोंडाला जुन्या साडीचं दुहेरी फडकं दोरीनं आवळा. वर नुसती फळी ठेवली तर फटीतून डास जातोच.

पण ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असा कागद वस्तीत चिकटवणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. उद्या पाणी येईल याची खात्री नसताना कोणती बाई टिपाड पालथं करेल? अळ्या सापडल्या की तिलाच बोल लावायचा, हे मला मुळीच पटत नाही. ती आळशी नाही, तिला पाण्याची तारीख माहीत नाही. वॉर्ड कार्यालयानं त्या कागदावर एवढंच वाढवावं: पुढचं पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता. आणि ती वेळ पाळावी. मग आदल्या संध्याकाळी टिपाड घासून ठेवायला आम्ही आशाताईंसोबत घरोघरी येतो.