अहवालावर सही कोणाची?

संपादक महोदय,


संयुक्त अरब अमिरातीतील कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचे (पर्यावरण आणि माणसे यांबाबत कंपनी कशी वागली, हे सांगणाऱ्या) आपल्या अर्थपुरवणीत झालेले कौतुक वाचले. दुबईत बावीस वर्षे हिशेब लिहून पोट भरणाऱ्या मला एक गोष्ट खटकली. अहवाल मंजूर करणाऱ्या संचालक मंडळांबद्दल लेखात अवाक्षर नव्हते.

नियम इथे आहेत. 2020च्या नियमावलीने सूचीबद्ध कंपन्यांना हा अहवाल बंधनकारक केला. 30 मे 2025 पासून हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजून कळवण्याचा संघीय कायदाही लागू झाला. तो मुक्त क्षेत्रांनाही चुकलेला नाही, आणि दंड 50 हजार ते 20 लाख दिरहॅम आहे. पण मोजणी कुठे थांबवायची, हे बऱ्याचदा मंडळाच्या खोलीतच ठरते.

मी पूर्वी एका कौटुंबिक मालकीच्या बांधकाम कंपनीत होतो. बँकेने मागितला म्हणून अहवाल काढायचा होता. ‘आमचे कर्मचारी’ या तक्त्यात पोटकंत्राटदाराची माणसे धरायची का, असे मी विचारले. ‘ती आपल्या व्हिसावर नाहीत,’ एवढ्यावर विषय मिटला. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम ज्यांच्यासाठी आहे, नेमकी तीच माणसे गळाली. अपघातांचा रकाना कसा लख्ख झाला! (ही माणसे राहत त्या वस्तीला सोनापूर म्हणतात. मुंबईकराला हे नाव ऐकून स्मशान आठवते, ते सोडा.) खोटे कोणी लिहिले नव्हते. मंडळावर तीन भाऊ आणि एक मेहुणा, विचारणार कोण?

मोठ्यांचेही तेच. दुबईच्या अबराज या गुंतवणूक कंपनीने समाजाचे भले करत नफा कमावण्याची भाषा जगभर गाजवली. दवाखान्यांसाठी उभारलेल्या एक अब्ज डॉलरच्या निधीचे काय झाले, हे गेट्स फाउंडेशनसारख्या गुंतवणूकदारांना बाहेरून विचारावे लागले. 2018मध्ये डोलारा कोसळला आणि पुढच्या वर्षी दुबईच्या वित्तीय नियामकाने समूहातील दोन कंपन्यांना सुमारे साडेएकतीस कोटी डॉलरचा दंड ठोठावला. संस्थापकाला वेळेत अडवेल असे आत कोणी निघाले नाही.

सूचीबद्ध कंपनीच्या मंडळावर किमान एक स्त्री हवी, असा नियम 2021मध्ये आला. चांगलेच झाले, पण ती मालकाची पुतणी असेल तर? सरकारी कंपन्यांचा पेच वेगळा. दुबईला वीज-पाणी पुरवणाऱ्या ‘देवा’चे (आम्ही मराठी लोक दरमहा ‘देवाचे बिल’ भरतो) 18 टक्के समभाग 2022मध्ये बाजारात आले, 82 टक्के सरकारकडेच राहिले. अशा ठिकाणी स्वतंत्र संचालक नेमका कोणापासून स्वतंत्र, हे विचारायलाच हवे. भारतात बाजार नियामक सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला आहे; प्रवर्तकांच्या गोतावळ्याने भरलेल्या तिथल्या मंडळांनाही हाच प्रश्न लागू पडतो.

तेव्हा यापुढे अशा अहवालाची बातमी देताना चार ओळी जास्त छापा: स्वतंत्र संचालक किती, लेखापरीक्षण समितीने आकडे तपासले का, बाहेरच्या कोणी पडताळले का, आणि कंत्राटी माणसे मोजली का.

आपला,
एक वाचक, बर दुबई