शेवटचं कडवं कापू नका

मी गोदीत माल वाहतो. दहावी पास. गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. माझ्या पासावर नाव आहे आणि नंबरही आहे. मुकादम हाक मारतो ती नंबरानं. पाच वर्षं झाली. त्यामुळं कुणाचं नाव गिळलं गेलं की माझ्या कानाला ते लगेच टोचतं.

गेल्या १४ एप्रिलला गावी होतो. डीजेवर वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं. पोरं बेभान नाचत होती. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू? शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत डीजेवाल्यानं गाणं तोडलं आणि दुसरं जोडलं. ओट्यावर बसलेली माझी आजी म्हणाली, "गानं सरलंच नाही बापू. वामननं आपलं नाव कुठी सांगतलं?"

मिरवणूक पुढं गेली. मी तिथंच उभा राहिलो.

आजीला अक्षर येत नाही. पण तिला ठाऊक आहे की दादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ती त्यांची सही. आणि ही सही फुकटात मिळालेली नाही. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस अक्षराविनाच मोठा झाला. मुंबईत गिरणीत राबला. कुणी पत्र वाचायला दिलं तर वाचता येईना. मग जाणतेपणी बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षराला अक्षर जोडलं. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. पुढं २००४ साली डोळे मिटेपर्यंत हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून भीमाचं गाणं गायलं. एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे'. ज्यांच्या बापजाद्यांना गावानं दगड्या-धोंड्या म्हणून हाका मारल्या, त्यांच्यातला एक जण छातीवर हात ठेवून सांगतो, हे गाणं माझं! हा विद्रोह नाही तर काय?

रात्रपाळीत काम थांबलं की मी मोबाईलवर बिली हॉलिडे ऐकतो. अमेरिकेतली काळी जॅझ गायिका. शब्द निम्मे कळतात, आवाज पुरा कळतो. १९१५ चा जन्म. 'बिली' हे नाव तिनं एका नटीवरून स्वतः घेतलं, 'हॉलिडे' बापाचं. १९३८ साली गोऱ्यांच्या बँडबरोबर गाताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टनं जायला लावलं. माणसाला माल समजणं म्हणजे काय, ते मला विचारा. १९३९ साली तिनं झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांचं गाणं गायलं, 'स्ट्रेंज फ्रूट'. तिच्या बड्या कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढायला नकार दिला, एका छोट्या कंपनीनं काढली. सुरुवातीच्या रेकॉर्डी खपल्या, पण तिच्या हातात पडली फक्त ठोक मजुरी. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात तुरुंगात गेली. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवाना गेला. १९५९ साली, ४४ व्या वर्षी मेली, तेव्हा इस्पितळाच्या खाटेवरही ती अटकेत होती. सगळं लुटलं तिचं. पण रेकॉर्डवरचं नाव पुसता आलं नाही.

तिला लुटणारी व्यवस्था गोऱ्यांची होती. दादांचं नाव कोण कापतंय? आपणच साले!

प्रस्थापितांनी आमच्या गाण्याला साहित्य मानलं नाही, असं आपण व्यासपीठावरून ओरडतो. बरोबरच आहे. पण ज्याचं गाणं, त्याचं नाव आपल्याच जयंतीत ऐकू येत नसेल, तर त्या ओरडण्याला अर्थ काय? डीजेशी माझं वैर नाही. पोरांना ताल हवा, मलाही हवा. ताल घ्या, पण सही फाडू नका. आज वामनचं नाव कापलं, उद्या म्हणतील ही गाणी अशीच कुठून तरी आली, कुणाचीच नव्हती. जे कुणाचंच नसतं त्यावर कुणीही हक्क सांगतो.

म्हणून मंडळांच्या पोरांना माझं म्हणणं साधं आहे. गाणं पुरतं वाजवा. आणि वर्गणी करता तशी गावातली गाणीही गोळा करा. आपल्या जिल्ह्यात जलशात गायलेले म्हातारे आहेत, जात्यावर भीमाच्या ओव्या म्हटलेल्या आया आहेत. मोबाईल आहेच खिशात. त्यांचा आवाज भरून घ्या, आणि आधी त्यांचं नाव, गाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या. त्यांच्यामागं कुणाला विचारणार?

मुकादमाला मी परवा सांगितलं, नावानं हाक मार. तो हसला. हसू दे. पण डीजेवाल्याला त्या दिवशी मी काहीच बोललो नाही, कारण तो माझा चुलतभाऊ. मुकादमापुढं तोंड उघडलं आणि भावापुढं मिटलं. येत्या जयंतीला त्याच्या मशीनपाशी मी उभा राहणार. आजीला ओट्यावरून शेवटचं कडवं ऐकू आलं पाहिजे.