कोयता कुणाचा चांगला?

लिनक्सवर प्रोग्रॅम लिहायला कोणता एडिटर चांगला, हा प्रश्न चार जाणकारांच्या पंगतीत कधी विचारू नये. विचारायचाच झाला तर ताकभात होईपर्यंत थांबावं, नाहीतर वाढलेली पानं तशीच राहतात. एडिटर म्हणजे इथं वर्तमानपत्राचा संपादक नव्हे. संगणकाला द्यायच्या सूचना ज्यात लिहायच्या, खोडायच्या नि पुन्हा लिहायच्या, ती पाटी. आता पाटीवरून भांडायचं काय कारण? पण हे भांडण जवळजवळ पन्नास वर्षं चाललं आहे, आणि भाऊबंदकीतल्या दाव्यासारखं त्याचा निकाल लागावा असं कुणाच्याच मनात नाही.

दोन्ही घराणी १९७६ च्या सुमाराची. कॅलिफोर्नियात बिल जॉय यांनी केलेला ‘व्हीआय’ हे एक, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि मंडळींनी केलेला ‘इमॅक्स’ हे दुसरं. व्हीआयचा सुधारलेला अवतार ‘व्हिम’ नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणला. त्यात शिरणाऱ्याचा हमखास अभिमन्यू होतो. बाहेर पडायचं तर आधी एस्केप, मग आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं, मग क्यू आणि मग एंटर! इमॅक्सवाल्यांना तर बाहेर पडायचंच नसतं. टपाल, कॅलेंडर, खेळ सगळं आतच. एवढंच काय, मन मोकळं करायला एक ‘डॉक्टर’सुद्धा आत बसवलेला आहे. बोटांच्या कसरती शिकून झाल्यावर त्याची गरज लागतेच म्हणा. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचा ‘व्हीएस कोड’ हा तिसरा पाहुणा आला. दिसायला देखणा, वागायला गोड, पण पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येतो, त्यामुळे खाणंही तसंच दांडगं.

हे सगळं करमणूक म्हणून ठीक आहे. पण माझा भाचा वारणानगरला इंजिनिअरिंग शिकतो. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. परवा विचारलं, “काय रे, प्रोग्रॅम कुठवर आला?” तर म्हणतो, “मामा, अजून एडिटरच ठरंना!” तीन आठवडे झाले होते. एक सीनिअर म्हणतो, व्हिम येत नाही त्यानं स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवून घेऊ नये. दुसरा म्हणतो, आधी नवा लॅपटॉप घे, मग बोलू. पोराचा बाप शेतकरी. पोराला वाटायला लागलं, की ही विद्या आपल्यासारख्यांची नव्हे. इथं मात्र माझं हसू थांबलं.

ह्या सीनिअर मंडळींनी एकदा वारणाकाठच्या उसाच्या फडात जावं. तोडणीवाला कोयता हातात घेतो, धार बघतो, मुठीचा अंदाज घेतो नि कामाला लागतो. कोयता कुठल्या लोहाराचा, यावर परिसंवाद भरवत नाही. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजतात, कोयता नव्हे.

वारणेला तर हे सांगायलाच नको. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या ह्या सहकाराच्या मुलखात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. ७० गावांना संगणकाने जोडायचा बेत, मोठा गाजावाजा. शेतकऱ्याला त्यातून हवं होतं ते मुख्यतः एवढंच : माझा ऊस किती भरला, खत किती नावावर पडलं. पुढं २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइलचा साधा एसएमएस लावून पाहिला. त्यानंही ते काम भागलं!

तेव्हा माझ्या कसोट्या तीन. पहिली : एडिटर उघडून ‘पन्हाळा’ लिहा. वारणानगर त्याच तालुक्यातलं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पुष्कळदा ‘न्ह’ फुटतो, काना भलतीकडे जातो. १६६० मध्ये सिद्दी जौहरला महिनोन्‌महिने वेढा घालून पन्हाळ्याचे तुकडे करता आले नाहीत, ते इथं क्षणात होतात. उद्या शेतकऱ्याचं नाव मराठीत छापणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर हे बघायलाच हवं. दुसरी : हातातल्या यंत्राला तो पेलतो का? नसेल पेलत तर जीनी आहे, केट आहे, अगदी साधा नॅनो आहे. सगळे फुकट. तिसरी : पहिल्याच संध्याकाळी एक छोटा प्रोग्रॅम लिहून, चालवून होतो का?

व्हीआय थोडा यावा, हे मला मान्य. दूरच्या सर्व्हरवर दुसरं काही नसलं तरी बहुधा तो असतो. आत शिरणं, ओळ बदलणं, जतन करून सुखरूप बाहेर येणं एवढं पुरे. पोहता यावं, म्हणून कुणी नदीत संसार थाटत नाही.

खरं शिकण्यासारखं पाटीच्या पलीकडं आहे. जीसीसी हा कंपायलर तुमच्या चुका तोंडावर सांगतो. जीडीबी हा डीबगर प्रोग्रॅम नेमका कुठं अडखळला ते दाखवतो. लिनक्सच्याच लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं गिट कालचं लिखाण आज परत काढून देतं. एडिटर दहा वेळा बदलला तरी ही तिन्ही अवजारं तीच राहतात.

म्हणून सीनिअर मंडळींना हात जोडून विनंती. नवा पोरगा आला, की ‘कशात लिहितोस?’ म्हणून त्याची जात विचारू नका. ‘काय लिहिलंस?’ ते विचारा, आणि चालत नसेल तर शेजारी खुर्ची ओढून बसा.