हा नुसता छंद नव्हे

न्यूयॉर्कच्या 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या रॉक बँडची दुर्मीळ छायाचित्रं धुंडाळणाऱ्या चाहत्यांना छंदिष्ट म्हणून निकालात काढणं अन्यायाचं आहे. गाणी उपलब्ध असताना फोटो कशाला, असं कुणी विचारेल. पण १९६६मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलच्या कार्यक्रमांत हा बँड वाजवत असताना वादकांच्या अंगावरच चित्रपट आणि रंगीत प्रकाशझोत सोडले जात. ते ध्वनिमुद्रिकेत कुठून येणार? शिवाय छापील पुरावाही बदलतो. १९६७च्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला बँडच्या मागे पडलेली अभिनेता एरिक इमर्सनची प्रतिमा होती. त्यानं पैसे मागताच रेकॉर्ड कंपनीनं अनेक प्रतींवर काळा स्टिकर डकवला, पुढे ती प्रतिमाच पुसली. मूळ प्रत कुणीतरी जपली, म्हणून हे आज पडताळता येतं. असे फोटो पसरवताना छायाचित्रकारांचे हक्क डावलले जातात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा चाहत्यांनो, फोटो जरूर शोधा, पण त्याखाली टिपणाऱ्याचं नाव लिहा.