लहरींना कुंपण नाही

सीमेवर तारेचे कुंपण घालता येते, प्रकाशझोत लावता येतात, अहोरात्र गस्त ठेवता येते. पण आकाशातून येणाऱ्या लहरींची झडती घेऊन त्यांना परत पाठवील अशी चौकी अद्याप कोणत्याही राष्ट्राला उभारता आलेली नाही. शेजारी देशाच्या दूरचित्रवाणीचे कार्यक्रम सीमेलगतच्या घरात विनामूल्य उतरतात, त्यांना पारपत्र लागत नाही आणि मासिक वर्गणीही द्यावी लागत नाही. हा निव्वळ करमणुकीचा विषय आहे असे समजून तो हसण्यावारी नेणे परवडणारे नाही. रोज संध्याकाळी घरात ज्याचा आवाज घुमतो, त्याच्याच दृष्टीने ते घर हळूहळू जगाकडे पाहू लागते. म्हणूनच सीमेवरच्या छपरावरील छत्री कोणत्या दिशेला वळली आहे, हा राष्ट्रीय एकात्मतेचा प्रश्न ठरतो.

या प्रश्नाला आपल्या देशात जुना इतिहास आहे. पाकिस्तान टेलिव्हिजनचे लाहोर केंद्र १९६४ साली सुरू झाले. लाहोर आणि अमृतसर यांतील अंतर जेमतेम ५० किलोमीटर! त्यामुळे पंजाबच्या सीमावर्ती पट्ट्यात आपले केंद्र नसताना लाहोरचे चित्र मात्र दिसू लागले होते. १९७१ च्या युद्धानंतर शासनाला या गोष्टीचे गांभीर्य पटले आणि १९७३ साली अमृतसरला दूरचित्रवाणी केंद्र उभे राहिले. त्या काळी दूरदर्शन हे आकाशवाणीपासून वेगळेही झालेले नव्हते. मद्रास, कलकत्ता यांसारख्या महानगरांच्या आधी अमृतसरला हा मान मिळाला, यामागचे कारण उघड आहे.

आणि मग चित्र पालटले. अमृतसरहून हिंदी चित्रपट प्रक्षेपित होऊ लागले आणि लाहोरच्या घराघरांवर भारताच्या दिशेने उंच अँटेना उभ्या राहिल्या. ज्या राज्यकर्त्यांनी हिंदी चित्रपटांना आपल्या चित्रपटगृहांची दारे बंद केली होती, त्यांच्याच नागरिकांनी ते चित्रपट आपल्या बैठकीच्या खोलीत पाहिले. मात्र ही वाट एकेरी नव्हती. ‘वारिस’, ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’ या पाकिस्तानी मालिका अमृतसर-गुरुदासपूरच्या भागात तितक्याच आवडीने पाहिल्या गेल्या. हे पाहणाऱ्यांच्या देशभक्तीत काही उणे होते काय? मुळीच नाही. त्या मालिकांचे लेखन कसदार होते, अभिनय संयत होता, म्हणून त्या पाहिल्या गेल्या. प्रेक्षक ध्वज पाहून वाहिनी निवडत नाही, कार्यक्रम पाहून निवडतो. हे सत्य कटू असले तरी ते स्वीकारल्यावाचून या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही.

बंदीचा मार्ग दोन्ही देशांनी चोखाळून पाहिला आहे. कारगिल युद्धाच्या वेळी, जून १९९९ मध्ये, भारत सरकारने केबलवरून पाकिस्तान टेलिव्हिजन दाखविण्यास मनाई केली. शत्रूचा अपप्रचार आपल्याच तारांमधून घरोघर पोहोचू देणे हा आत्मघात होता, त्यामुळे ती मनाई योग्यच होती. पण केबलचालकाला नोटीस बजावता येते, लहरीला बजावता येत नाही. ज्यांच्या अँटेनावर थेट चित्र येत होते, त्यांच्यापर्यंत ती मनाई पोहोचू शकत नव्हती. पाकिस्तानचा अनुभवही निराळा नाही. तेथील नियामक मंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय कार्यक्रमांवर सरसकट बंदी घातली, आणि न्यायालयाने ती उठवल्यावर २०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. त्याच काळात त्या देशाच्या बाजारात भारतीय छत्र्या आणि सेट टॉप बॉक्स यांची चोरटी विक्री जोरात चालू होती. बंदीने मागणी मरत नाही, ती मागील दाराने येते.

उपग्रहाच्या अंकीय प्रक्षेपणाने तर अँटेनाच्या काळातील मर्यादाही पुसून टाकल्या. डिसेंबर २००४ मध्ये प्रसारभारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू केली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने चालते आणि चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की पुढे एक पैसाही द्यावा लागत नाही. सियाचेनच्या पायथ्याशी तैनात असलेल्या सातारच्या जवानाला ‘सह्याद्री’ वाहिनी दिसते ती याच सेवेमुळे. उपग्रहाच्या किरणांची छाया राजकीय नकाशा पाहून पडत नाही. नेपाळच्या तराईत, बांगलादेशात आणि पाकिस्तानच्या पंजाब-सिंधमध्येही ती पडते. जुलै २०२० मध्ये सीमावादावरून नेपाळच्या केबलचालकांनी भारतीय वृत्तवाहिन्या बंद केल्या, तेव्हा त्यांनी अपवाद केला तो एकट्या दूरदर्शनचा. संयमाने आणि जबाबदारीने बोलणाऱ्याचा आवाज शेजारी सहजासहजी बंद करीत नाही, हा त्या घटनेचा बोध आहे.

युरोपातील छोट्या राष्ट्रांनी हा बोध आपल्याआधी घेतला. साम्यवादी पूर्व जर्मनीत १९६१ साली पक्षाच्या तरुणांना छपरांवर चढवून पश्चिमेकडे वळलेल्या अँटेना फिरवण्याची मोहीम राबवण्यात आली. ती फसली, लोक पश्चिमेचे कार्यक्रम पाहतच राहिले. सोव्हिएत जोखडाखालच्या एस्टोनियात लोक समुद्रापलीकडून येणारी फिनलंडची दूरचित्रवाणी पाहत आणि आपल्याला सांगितले जाते त्याहून जग वेगळे आहे हे ओळखत. आज तोच एस्टोनिया दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याच्या नार्व्हा शहरात बहुसंख्य लोक रशियन भाषक आहेत आणि नदीपलीकडच्या रशियाचे विनामूल्य अंकीय प्रक्षेपण तेथे साध्या अँटेनावर मिळते. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर एस्टोनियाने रशियन वाहिन्यांवर बंदी घातली, पण ती केबलपुरतीच परिणामकारक ठरली. त्या देशाचे शहाणपण असे की, त्याने त्याआधीच, २०१५ साली, आपल्या रशियन भाषक नागरिकांसाठी त्यांच्याच भाषेत सार्वजनिक वाहिनी सुरू केली होती. अवघ्या तेरा लाख लोकवस्तीच्या राष्ट्राला जे सुचते, ते आपल्याला सुचू नये काय?

सुचलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००० साली ‘काशीर’ वाहिनी सुरू झाली, २०१९ साली ईशान्य भारतासाठी ‘अरुणप्रभा’ आली. मे २०२० पासून दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या हवामानवृत्तात मुझफ्फराबाद आणि गिलगिट यांचा समावेश झाला. दोन शहरांच्या तापमानाने भारताचा न्याय्य दावा पाकव्याप्त प्रदेशातील घराघरांत पोहोचविला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारण यंत्रणेच्या विकासासाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुर्गम, वनवासी आणि सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच वाटण्याचा संकल्प तिच्यात आहे. हे सारे अभिनंदनीय आहे. पण बॉक्स वाटणे म्हणजे मन जिंकणे नव्हे.

फ्री डिशवरील जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने दिल्या जातात आणि त्यातून प्रसारभारतीला शेकडो कोटी रुपये मिळतात. उत्पन्न हवेच, पण परिणामी सीमेवरच्या माणसाच्या वाट्याला येतात त्या जुन्या मालिकांच्या पुनरावृत्ती आणि रात्रीच्या चर्चांचा कर्णकर्कश गोंगाट. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी आपले सैन्य अतुलनीय संयमाने आणि अचूकतेने लढत असताना काही वृत्तवाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बिनबुडाच्या बातम्या देत होत्या. त्या वेळी पूंछमध्ये नागरी वस्तीवर तोफगोळे पडत होते. तेथील कुटुंबाला हवी होती ती खरी माहिती. स्वकीयांनी एकदा खोटे सांगितले की पुढच्या वेळी माणूस परक्याचे ऐकू लागतो. सैन्याने मिळविलेला विजय अशा उथळपणाने डागाळतो, याचे भान स्वतःला राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या वाहिन्यांनी तरी ठेवावे.

म्हणून शासनाने आता तीन गोष्टी कराव्यात. फ्री डिशच्या लिलावातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित वाटा सीमावर्ती कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी राखून ठेवावा. गोजरी, पहाडी, डोगरी, बाल्टी, पंजाबी या भाषांना दिवसातून अर्ध्या तासाची भीक न घालता त्यांतील लेखक-कलावंतांना पुरेसा वेळ आणि मानधन द्यावे, कारण बाल्टी बोलणारा माणूस कारगिलमध्ये आहे तसा स्कर्दूमध्येही आहे. आणि २०२२ पर्यंत जुनी भूप्रक्षेपण केंद्रे बंद करताना मोक्याच्या ठिकाणची जी सुमारे ५० केंद्रे राखून ठेवण्याचा निर्णय झाला, त्यांच्याकडे अडगळ म्हणून न पाहता त्यांचे अंकीय प्रणालीत रूपांतर करावे. संकटकाळी एकाच उपग्रहावर विसंबणे हे शहाणपणाचे नाही.

१९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा या देशातील रस्ते ओस पडत. तो चमत्कार कोणत्याही सक्तीचा नव्हता, तो या मातीतील कथेच्या सामर्थ्याचा होता. ज्या राष्ट्राजवळ सांगण्यासारखे इतके आहे, त्याने दुसऱ्याचा आवाज बंद करण्यापेक्षा स्वतःचा आवाज स्पष्ट, सुरेल आणि सत्यनिष्ठ ठेवण्याची चिंता अधिक करावी. तसे झाले तर छपरावरची छत्री कोणाच्याही आज्ञेवाचून योग्य दिशेला वळेल, सीमेच्या या बाजूला आणि त्या बाजूलाही.