महासंगणक आहेत, पुराचे गणित विखुरलेले

सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्याही वर गेली. जुलै २०२१ मध्येही तिने ही मर्यादा फार मागे टाकली. दोन्ही वेळी घरांतील चिखल निघण्यापूर्वीच अलमट्टीचा वाद रंगला. २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडता येत नाही, असा निष्कर्ष वडनेरे समितीने काढला. तथापि लोकांचे समाधान झाले नाही. आता धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या आग्रहामुळे तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. दोन्ही राज्यांचा विश्वास बसेल असे एकच गणित कोणापाशी नाही, हे या वादाचे खरे कारण होय.

पावसाचा अंदाज हवामान खाते करते, धरणांचा विसर्ग पाटबंधारे खाते ठरवते, नदीच्या पातळीकडे केंद्रीय जल आयोग पाहतो आणि पूररेषेतील बांधकामाची परवानगी नगरपालिकेच्या दप्तरात असते. नदीला मात्र ही खातेवाटणी ठाऊक नाही! कृष्णा फुगली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचे पाणी तुंबते आणि कोल्हापुरातील पूर रेंगाळतो. म्हणजे पंचगंगेचे गणित कृष्णेवाचून सुटत नाही आणि कृष्णेचे कोयनेवाचून.

असे एकत्रित प्रतिमान चालवण्यास प्रचंड गणनशक्ती लागते. नदीकाठच्या प्रदेशाचे शंभर मीटरांचे चौकोन पाडले होते, ते पन्नास मीटरांचे करावयाचे ठरवले, तर चौकोन चौपट होतात. शिवाय काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो. काम सुमारे आठपट वाढते. त्यातही एकच अंदाज पुरत नाही. पावसाच्या आणि विसर्गाच्या अनेक शक्यता चालवून पाहाव्या लागतात. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे झेपणारे नाही.

परंतु देशाला ते झेपते. १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक पुण्यातच घडला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि त्यात महानदीच्या खोऱ्यासाठी पूर-अंदाजाचे कामही हाती घेतले गेले. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ कार्यान्वित झाला; त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून अधिक आकडेमोडी. मग कृष्णेच्या खोऱ्यासाठी अशा गणनशक्तीचा राखीव वाटा का नसावा? सांगली-कोल्हापूरच्या, तसेच बेळगाव-विजापूरच्या संशोधकांना तेथे सारखाच प्रवेश असावा. प्रतिमान एक, माहिती एक. अलमट्टीची पातळी वाढवून पाहावी, कोयनेचा विसर्ग दोन दिवस आधी सुरू करून पाहावा, आणि सांगलीत किती फुटांचा फरक पडतो ते उघडपणे छापावे.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः अडचण यंत्रापेक्षा माहितीची आहे. नदीपात्राची मोजमापे जुनी असतील तर महासंगणकही चुकीचेच उत्तर देईल, फक्त अधिक वेगाने. निळ्या रेषेच्या आत इमारती उभ्या राहू देणाऱ्या सहीवरही त्याच्यापाशी उपाय नाही. म्हणून पात्राची नवी मोजणी आणि दोन्ही राज्यांतील धरणांच्या विसर्गाचे ताशी आकडे ही या व्यवस्थेची पहिली अट असली पाहिजे. त्या आकड्यांसाठी दोन जलसंपदा खात्यांत करार व्हावा लागेल, आणि तो पावसाळ्यापूर्वी व्हावा लागेल.