सरकारच्या डुकराला कोंडवाडा कोठें?

गरीब शेतकऱ्याची गाय दावें तोडून शेजाऱ्याच्या भातांत शिरली तर तिला कोंडवाड्याची वाट दाखवितात, आणि दंड भरल्यावांचून ती सुटत नाहीं, ही रीत आमच्या वाचकांस सांगावयास नको. या कामासाठीं १८७१ सालीं इंग्रज सरकारनें खास कायदा केला. पुढें १९२७ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलांत शिरलेलें गुरूं धरून कोंडवाड्यांत घालण्याचा अधिकार जंगल खात्याला दिला. ज्याचें जनावर त्याची जबाबदारी, हें त्या कायद्यांचें तत्त्व. तत्त्व चोख आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, जंगल सरकारचें आणि जंगलांतल्या जनावरांचें पालनपोषण करणारेंही सरकारच. मग तें जनावर रात्रीं आमच्या शेतांत शिरून वर्षाचें अन्न तुडवून जातें, तेव्हां त्याला कोंडवाडा कोठें आहे, आणि दंड कोणीं भरावयाचा?

यावर कोणी कायदेपंडित चष्मा सांवरून म्हणेल, "अहो, रानांतलें जनावर म्हणजे कोणाची मालकी नव्हे." बरें तर, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें ३९ वें कलम उघडून वाचा. शिकार झालेलें किंवा मेलेलें सांपडलेलें रानटी जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता, असें तेथें लिहिलें आहे. म्हणजे भात खात असतांना डुक्कर बेवारशी, आणि डोळे मिटले कीं त्याला वारस उभा राहतो! खाण्याच्या वेळीं धनी बेपत्ता, आणि मेल्यावर तोच धनी पंचनाम्याला धांवत येतो. असा धनी गांवांतल्या एखाद्या माणसानें केला असता, तर पंचांनीं त्याला चावडीवर बसवून जाब विचारला असता.

आतां अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, तळा, रोहा या बाजूच्या कुणबी, आगरी, माळी, भंडारी, आदिवासी अशा कष्टाळू लोकांची स्थिति पहा. शेत गुंठ्यांनीं मोजावें एवढें, आणि भात वर्षांतून एकदां. आषाढांत चिखलांत कंबर मोडून लावणी करावी, आणि आश्विनांत लोंबींत दाणा भरूं लागला कीं डुकरांचा कळप उतरतो. तो खातो थोडें, पण लोळून नासतो फार. भातामागून जमिनीच्या ओलीवर वाल पेरावा, तर तोही उकरला जातो. वाडीकडे वळावें, तर माकडें आणि वानरें कोवळे नारळ तोडून, दांत लावून खालीं टाकतात. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानें या किनाऱ्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट केल्या. लोकांनीं उसनवारी करून नवीं रोपें लावलीं. नारळाला फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. तोंवर डुक्कर मूळ उकरतें आणि साळिंदर गाभा खातें. वादळ एकदां आलें आणि गेलें, त्याचे पंचनामे झाले. हें दुसरें वादळ रोज रात्रीं येतें आणि त्याची दाद कोठेंच नाहीं.

याच जिल्ह्यांत, त्याचें नांव कुलाबा होतें तेव्हां, चरी आणि आसपासच्या गांवच्या कुळांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षें जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण मान वांकविली नाहीं. पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, १९४९ सालीं खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि कसणारा आपल्या जमिनीचा धनी झाला. तेव्हां खोताचा वाटा गेला. आज त्या जागीं डुकराचा वाटा आला आहे. खोत निदान खळ्यावर येऊन माप घालून नेई. हा नवा खोत माप जाणत नाहीं, पावती देत नाहीं, आणि त्याच्याविरुद्ध संप करावा तर तो त्याच्याच पथ्यावर पडतो! कारण जमीन पडीक पडली कीं तिच्यावर झुडूप माजतें, झुडपांत डुकरीण विते, आणि पुढच्या वर्षीं शेजारचें शेतही पडीक पडतें. एकाचें शेत ओसाड झालें कीं साथीच्या रोगाप्रमाणें साऱ्या आळीला तें दुखणें लागतें. मग एके दिवशीं दलाल दारांत येतो. ज्या जमिनीसाठीं बापजाद्यांनीं उपास काढले ती बंगल्यासाठीं जाते, बंगल्याला भिंत चढते, आणि भिंतीला अडलेला कळप उरलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर येतो.

या दुखण्यावर सरकारचें औषध काय? कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यांतली गंमत ऐका. उत्तरेकडचें लाल तोंडाचें माकड संरक्षणाच्या यादींतून वगळलें, आणि आमच्याकडचें टोपीवालें माकड पहिल्या अनुसूचींत वाघाच्या पंगतीला नेऊन बसविलें! या पंगतीच्या जनावरानें माणसाच्या जिवाला धोका केला, किंवा तें बरें न होण्याइतकें जखमी वा रोगी झालें, तरच त्याला मारण्याचा हुकूम निघूं शकतो. उभें पीक खाणें हा त्याचा गुन्हाच नव्हे. डुक्कर दुसऱ्या अनुसूचींत आहे. पिकासाठीं त्याच्याबद्दल लेखी परवाना मिळूं शकतो. पण अर्ज टेबलावरून टेबलावर फिरून येईपर्यंत खळ्यावर भाताऐवजीं पेंढाच उरतो. याच कायद्याच्या ६२ व्या कलमान्वयें केंद्र सरकार एखाद्या मुलुखापुरतें आणि मुदतीपुरतें जनावर उपद्रवी ठरवूं शकतें. २०१५-१६ च्या सुमारास बिहारांत नीलगाय व डुक्कर, उत्तराखंडांत डुक्कर, हिमाचलांत माकड यांबद्दल असे हुकूम निघाले. तेथल्या शेतकऱ्याचें पोट तेवढें पोट, आणि कोंकणच्या शेतकऱ्याचें काय मडकें आहे?

बंदुकीची कथा तर याहून मौजेची. १८७८ च्या हत्यार कायद्यानें इंग्रजांनीं रयतेच्या हातचीं हत्यारें काढलीं. स्वराज्यांतल्या १९५९ च्या कायद्यांत पीक राखण्यासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणजे एक कायदा म्हणतो, पीक राखण्यासाठीं बंदूक घे. दुसरा म्हणतो, पीक खाणाऱ्यावर ती झाडशील तर खबरदार! त्यांत निवडणूक लागली कीं बंदूक पोलिस ठाण्यांत जमा. डुकरांना मात्र आचारसंहिता नाहीं.

सरकार भरपाई देतें, असें उत्तर येईल. ती मिळवावयाची कशी? नुकसान झाल्याबरोबर ठरल्या मुदतींत कळवावें, पंचनामा करून घ्यावा, कागद जोडावेत. येथें एका सात-बारावर भाऊबंदांचीं दहा-पंधरा नांवें, त्यांतलीं निम्मीं मुंबईला. रोज पायलीभर नासाडी होते, ती एका पंचनाम्यांत बसत नाहीं. चार वेळां तालुक्याला हेलपाटे घालावे, तर भाड्याचे पैसे भरपाईहून जड होतात. ही भरपाई म्हणजे आरशांतला लाडू!

आतां वन्यप्रेमी मंडळींशीं दोन शब्द. जंगल असावें, जनावर जगावें, हें आम्हांस मान्य आहे. डोंगरावर झाड आहे म्हणून आमच्या विहिरींत पाणी आहे. जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान १९८६ सालीं फणसाड अभयारण्य झालें, हें चांगलेंच झालें. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते आणि डुकराला नकाशा वाचतां येत नाहीं. जनावर राखण्याचें पुण्य साऱ्या देशाचें, आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च मात्र दहा गुंठेवाल्याचा, हा कोणत्या शास्त्रांतला धर्म? मोटारींतून जातांना मारुतीच्या नांवानें माकडापुढें केळीं फेंकून पुण्य जोडणाऱ्यांनींही ऐकावें: तुमचें पुण्य रस्त्यावर खाऊन तें माकड आमच्या वाडींत येतें. माणसाच्या हातचें खावयास शिकलेलें माकड रानांत परत जात नाहीं.

शेतकरी बंधूंनो, तुमच्याशींही स्पष्ट बोललें पाहिजे. रागाच्या भरांत कुंपणाला विजेची उघडी तार जोडूं नका, फासे व गांवठी बॉम्ब लावूं नका. त्यांत पहाटे शौचाला गेलेली म्हातारी मरते, शेजाऱ्याचा बैल मरतो, आणि तुरुंगांत मात्र गरीबच जातो. एकट्यानें कुंपण घालून कळप शेजाऱ्याच्या शेतांत लोटणें हीही राखण नव्हे. साऱ्या गांवानें मिळून एका रानाभोंवतीं एकच कुंपण घालावें, राखणीच्या पाळ्या लावाव्या, पडीक जमिनींतलें झुडूप सर्वांनीं तोडावें. झालेलें प्रत्येक नुकसान तारीखवार वहींत लिहून ग्रामसभेपुढें ठेवावें. तोंडी रडगाण्याला कचेरींत किंमत नाहीं. वही नेली म्हणजे साहेबाला खुर्चींत सरळ बसावें लागतें.

आणि सरकारकडे भीक मागूं नका, हक्क मागा. सौर कुंपणाचा खर्च सरकारनें सोसावा. माकडें धरून त्यांची नसबंदी करावी; हिमाचलांत तें काम २००७ पासून चालू झालें, मग येथें कां नको? डुकराच्या परवान्याचा निकाल ठराविक दिवसांत गांवांतच लागावा. झाडामागें आणि गुंठ्यामागें भरपाईचा दर चावडीवर लावावा, आणि सात-बारावर नांवें किती हें न पाहतां कसणाऱ्याच्या हातांत पैसे द्यावे. हें होत नसेल तर सरकारनें आपलीं जनावरें आपल्या हद्दींत बांधून ठेवावीं.

गाईला एक न्याय आणि डुकराला दुसरा, असें किती दिवस चालावयाचें? ज्याचें जनावर त्याची जबाबदारी, हा कायदा रयतेला लागू आहे, तो सरकारलाही लागू करा. नाहींतर कोंकणच्या भाताचें कोठार डुकरांना आंदण दिलें, असें एकदां जाहीर तरी करा. म्हणजे आम्ही आषाढांत चिखल तुडवावयाचा कीं नाहीं, तें ठरवूं.